रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोट दुखतेच

ब्रिटिश कादंबरीकार हिलरी मँटेल यांना ऐन तारुण्यात ओटीपोटात आणि पायांत असह्य कळा येत. डॉक्टरांनी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडले. मनोविकारावरची औषधे सुरू झाली आणि त्या औषधांनीच त्यांची प्रकृती आणखी ढासळली. पुढे बोट्स्वानात राहत असताना वैद्यकाचे एक पाठ्यपुस्तक चाळताना त्यांना आपल्या आजाराचे नाव सापडले: एंडोमेट्रिऑसिस. वयाच्या २७ व्या वर्षी लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. गर्भाशय काढावे लागले. तरीही दुखणे परतलेच.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बीजांडकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या दहापैकी एका स्त्रीला, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना तो आहे. निदानाला मात्र अनेकदा चार ते बारा वर्षे लागतात.

इतका वेळ का? ‘पाळीत दुखायचंच’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक बाळंतपण होऊ दे’ असे घरात सांगितले जाते आणि मुलगी सोसत राहते. दवाखान्यात गेलीच, तर साध्या सोनोग्राफीत अस्तराचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि तिच्या दुखण्यावरच शंका घेतली जाते.

ओटीपोट दुखण्याचे कारण दरवेळी एंडोमेट्रिऑसिसच असते असेही नाही. आतड्याची किंवा मूत्राशयाची तक्रार, जुन्या शस्त्रक्रियेमुळे आत चिकटलेले अवयव, जननमार्गाचा क्षयरोग, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, यांपैकी दोन-तीन कारणे एकत्रही असू शकतात. असे दुखणे पुरुषांनाही होते. त्यांना प्रोस्टेटची सूज सांगितली जाते आणि जंतुसंसर्ग नसतानाही अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतात. वेदना महिनोन्‌महिने टिकली की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते. मग मूळ कारण दूर झाले, तरी दुखत राहू शकते. ती वेदना खरी असते.

कारण न शोधता उपाय केला की काय होते, ते बीडने पाहिले आहे. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना ‘पिशवी काढून टाका’ हाच सल्ला मिळाला होता. फडात एक खाडा झाला तरी मजुरी कापली जाते. वारंवार उपचार घ्यायला सवड कुणाला?

दुखणे सहा महिन्यांवर गेले, तर वहीत नोंद ठेवावी: कधी दुखते, पाळीशी, लघवीशी, शौचाशी किंवा शरीरसंबंधाशी त्याचा मेळ बसतो का. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एंडोमेट्रिऑसिसशी लक्षणे जुळत असतील तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट न पाहताही औषधोपचार सुरू करता येतात. स्नायू आखडले असतील, तर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची मदत होते. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, शौचावाटे रक्त किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काही दिसल्यास लगेच तपासणी करावी. आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी नेमके कारण लेखी मागावे व दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.