मुक्त आज्ञावलीसाठी संगणकीय भाषेची निवड

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) हे संत मुक्ताबाईंच्या नावाने ओळखले जाणारे तालुक्याचे ठिकाण होय. मुक्ताबाईंचे बंधू ज्ञानेश्वर यांनी १२९० मध्ये गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगितला. ज्ञान कोणत्या भाषेत मांडले जाते, यावर ते किती जणांच्या हाती जाते हे अवलंबून असते. संगणकाच्या आज्ञावलींनाही हा विचार लागू पडतो.

मुक्त आज्ञावली म्हणजे काय?

मुक्त आज्ञावली म्हणजे केवळ फुकट मिळणारी आज्ञावली नव्हे. ती कोणत्याही कामासाठी वापरणे, तिची मूळ संहिता अभ्यासून बदलणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारलेली प्रतही इतरांना देणे, ही चार स्वातंत्र्ये जिच्या परवान्याने मिळतात ती मुक्त आज्ञावली होय. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर करून या चळवळीचा पाया घातला. केंद्र शासनानेही २०१५ मध्ये शासकीय कामात खुल्या संहितेच्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले.

परवाना बदल करण्याचा हक्क देतो. तो हक्क बजावता येईल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी भाषेवर ठरते. उदाहरणार्थ, एखाद्या ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीसाठी, म्हणजे नमुना ८ साठी, आज्ञावली तयार झाली आणि पुढे आकारणीचा नियम बदलला, असे समजू. जिल्ह्यातच शिकलेल्या तरुणाला ती संहिता वाचता आली, तर दुरुस्ती गावाजवळच होईल. भाषा जाणणारा कोणी नसेल, तर परवाना मुक्त असूनही पंचायत मूळ कर्त्यावरच अवलंबून राहील.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी अशी, की भाषेची साधनेही मुक्त असावीत. जावा भाषेत लिहिलेल्या मुक्त आज्ञावली एकेकाळी सन कंपनीच्या बंदिस्त साधनांवर विसंबून असत. स्टॉलमन यांनी २००४ मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले. सन कंपनीने २००६ पासून जावाची संहिता मुक्त परवान्याखाली खुली करण्यास आरंभ केल्यानंतर ही अडचण दूर होत गेली.

दुसरी कसोटी कामाच्या स्वरूपाची. संगणकाचा कारभार चालविणाऱ्या प्रणालीला वेग अत्यावश्यक असल्याने ग्नू प्रकल्पाने ‘सी’ भाषेला पसंती दिली. काही हजार नोंदींच्या नोंदवहीला तेवढ्या वेगाची गरज नसते. तेथे वाचायला सुबोध अशी भाषा अधिक उपयोगी. हिशेब, साठा आदी व्यवहार सांभाळणारी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुंबईत विकसित झालेली मुक्त आज्ञावली मुख्यतः पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेली आहे.

तिसरी कसोटी स्थैर्याची. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हा जुन्या आवृत्तीतील अनेक आज्ञावली तीत जशाच्या तशा चालेनात. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीची देखभालही थांबली. लोकप्रिय भाषेतील आज्ञावलीलाही देखभालीची तरतूद लागते, हे यावरून दिसते. मात्र याच तिसऱ्या आवृत्तीत सर्व मजकूर युनिकोडमध्ये हाताळला जातो. त्यामुळे देवनागरीतील नावे व पत्ते नोंदविणे सोपे झाले.

नव्याने लिहिण्यापूर्वी

आपल्या गरजेची मुक्त आज्ञावली आधीच उपलब्ध असेल, तर भाषेचा प्रश्न बहुतांशी सुटलेला असतो. न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही ग्रंथालयाची आज्ञावली पर्ल भाषेत आहे. आवडीच्या भाषेत तशीच दुसरी आज्ञावली लिहिण्यापेक्षा पर्ल शिकून मूळ प्रकल्पात भर घालणे श्रेयस्कर. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे अनेक पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. शिक्षकांना त्यांचा उपयोग करता येईल.

आज्ञावलीचे काम सोपविताना मूळ संहिता व परवाना हाती येणार काय, भाषेची साधने मुक्त आहेत काय, देवनागरी नीट चालते काय आणि जिल्ह्यात त्या भाषेचे किमान दोन-तीन जाणकार आहेत काय, हे प्रश्न अधिकारी व पंचायत सदस्यांनी कार्यादेशापूर्वीच विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. आज्ञावली बनविणारा एकदाच येतो. ती दुरुस्त करण्याची वेळ मात्र दरवर्षी येते.