सनद १४६४ची, समुद्र तिघांचा

नकाशे न्याहाळण्याचा नाद असलेल्या माणसाला एखादी रेघ मध्येच तुटलेली दिसली की चैन पडत नाही. जर्मनी आणि नेदरलँड्स यांची सरहद्द दक्षिणेकडून सरळ वर येते आणि एम्स नदीच्या मुखाशी, डोलार्टच्या उथळ खाडीत पोचली की नाहीशी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढे गुंते सोडवलेल्या या शेजाऱ्यांना तेवढी एक रेघ का ओढता आली नाही, हा प्रश्न कित्येक वर्षं माझी पाठ सोडत नाही.

भांडणाचं मूळ एका सनदेत आहे. १४६४ साली सम्राट फ्रेडरिक तिसरा याने पूर्व फ्रिसियाच्या उलरिख सिर्कसेना या सरदाराला काउंटची पदवी दिली आणि त्याचा मुलूख वतन म्हणून त्याच्या नावे केला. त्या वतनात एम्सचं सगळं पात्र आलं, अगदी पलीकडच्या डच काठापर्यंत, असं जर्मनी आजही म्हणते. नेदरलँड्सच्या मते हद्द मुख्य प्रवाहाच्या मधून जाते. १८२४ मध्ये पलीकडच्या हॅनोव्हर या जर्मन राज्याशी नेदरलँड्सची जमिनीवरची हद्द ठरली, पाण्यातली राहून गेली. पुढे १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि त्या चिखलाखालच्या मालकीला एकदम किंमत आली.

अशा वेळी माणसं कोर्टात जातात. या दोघांनी मात्र १९६० मध्ये करार केला आणि त्यात लिहून ठेवलं की सरहद्दीच्या प्रश्नाला यातलं काहीही बाधा आणत नाही, ज्याचा दावा त्याच्यापाशी. मग जहाजांच्या वाटा कोणी राखायच्या, दिवे कोणी लावायचे, गाळ कोणी काढायचा हे ठरवलं. १९६२च्या पुरवणी कराराने वादग्रस्त पट्ट्यातला वायू निम्मा-निम्मा वाटून घेतला. १९९६ मध्ये पाणी आणि निसर्ग यांच्या रक्षणाचा करारही याच चौकटीत आला. २०१४ मध्ये बोर्कुम बेटाजवळच्या पवनचक्क्यांवरून पुन्हा ताणलं, तेव्हाही पुढच्या समुद्रातल्या कामकाजाची वाटणी झाली; हद्द ठरली नाहीच. मला हे फार मोलाचं वाटतं. मालकीचा निकाल लागेपर्यंत थांबायचं म्हटलं असतं, तर खाडीकडे बघायला कोणीच उरलं नसतं.

ही खाडी ज्या वाडन समुद्राचा भाग आहे, तिथेही हीच रीत चालली. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या किनाऱ्यालगतचा हा भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यांचा जगातला सर्वांत मोठा सलग प्रदेश. दरवर्षी कोटभर स्थलांतरित पक्षी इथे उतरतात. तरीही साठच्या दशकापर्यंत सरकारी नजरेला तो अजून न भरलेली शेतजमीन होता. आमेलांड या डच बेटापर्यंत बांध घालून खाजण करण्याचा बेत होता. तो वाचून केस वेव्हर्स या सोळा वर्षांच्या डच मुलाने १९६५ मध्ये वर्तमानपत्रात आवाज उठवला आणि त्यातून त्याच वर्षी वाडन संघटना उभी राहिली. याच बेटाकडे १८७०-७२ मध्ये एका खासगी कंपनीने बांध घातला होता आणि वादळांनी तो मोडला होता. ओहोटीला त्याचे अवशेष आजही दिसतात. मुलाच्या बाजूने समुद्राने आधीच साक्ष दिली होती.

पुढचं थोडक्यात. तिन्ही देशांचे शास्त्रज्ञ आधी एकत्र आले, मग १९७८ मध्ये मंत्री. १९८२ मध्ये कोपनहेगनला संयुक्त घोषणा झाली. ती कायद्याने बांधणारी नव्हती. आपापल्या कायद्यांचा अंमल एकमेकांशी जुळवून करू, एवढंच वचन होतं. १९८७ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला सामायिक सचिवालय आलं आणि लगेच १९८८ मध्ये विषाणूच्या साथीत इथले निम्म्याहून अधिक सील मेले. तेव्हा त्या सैल वचनाची खरी कसोटी लागली. सीलची शिकार आधीच थांबलेली होती. आता सीलसाठी बंधनकारक करार झाला, आणि विमानांतून होणारी गणती तिन्ही देशांत एकमेकांशी जुळवून घेतली जाऊ लागली. २००२ मध्ये साथ पुन्हा आली, सील पुन्हा सावरले. २००९ मध्ये जर्मन आणि डच भाग जागतिक वारसा ठरला, २०१४ मध्ये डॅनिश भागही.

एम्स नदी मात्र सावरलेली नाही. पापेनबुर्ग गाव समुद्रापासून खूप आत, आणि तिथल्या मायर कारखान्यात प्रचंड पर्यटन-जहाजं बांधली जातात. ती बाहेर काढण्यासाठी नदी खोल करत नेली. भरतीबरोबर आत आलेला गाळ आता परत जात नाही, तळाशी दाट रबड्यासारखा साचतो आणि उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू इतका घटतो की मासे तग धरत नाहीत. २०१५ मध्ये जर्मन केंद्र सरकार, लोअर सॅक्सनी राज्य, दोन जिल्हे, एम्डेन शहर, कारखाना आणि पर्यावरण संघटना यांनी ‘एम्स २०५०’ हा आराखडा मान्य केला. गांडर्सूमच्या धरणदारांनी भरतीचा वेग आवरून गाळ रोखायचा, हा त्यातला मुख्य उपाय. पलीकडे डच सरकारचा वेगळा कार्यक्रम आहे, त्याच्याही नावात २०५०. खाडीतून वर्षाला दहा लाख टन गाळ उपसायचा, वाळवून त्याची माती करायची आणि ती समुद्रबांधांना वापरायची, असा तो बेत. डेल्फझाइलला गाळ वाळवण्याचा प्रयोग होऊनही गेला.

दोन्ही योजना मला पटतात. त्या वेगवेगळ्या का, हे पटत नाही. गाळ एकच आहे आणि तो दर भरतीला दोन्ही दावेदारांच्या पाण्यातून फिरतो. जमिनीखालच्या वायूसाठी १९६२ मध्ये यांनी एक हिशेब मांडला होता. गाळाचाही तसाच एक हिशेब, एक मोजमाप आणि एक तिजोरी हवी. त्यासाठी सनदेचा निकाल लागण्याची गरज तेव्हाही नव्हती.