डोंगराचा खरा माथा

डोंगर चढून माथ्यावर पोचलं, की आपण घाम पुसतो आणि आजूबाजूला बघतो. तेव्हा हमखास एक शंका येते. पलीकडचा तो उंचवटा आपल्या पायाखालच्या जागेपेक्षा उंच तर नाही ना? तिथवर चालत जाऊन मागे वळून पाहावं, तर आता सोडून आलेली जागाच उंच वाटते! दोन माथे जवळजवळ सारख्या उंचीचे असले, की समोरचा नेहमी उंच भासतो. डोळा असा फसवतो. मग डोंगराचा खरा माथा ठरवायचा कसा?

ब्रिटनमधल्या काही मंडळींनी हा प्रश्न फार मनावर घेतला आहे. डोंगरांच्या याद्या करण्याची हौस तिथे जुनी. १८९१ साली सर ह्यू मन्रो यांनी स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. तेव्हापासून अशा शिखरांना 'मन्रो' असंच म्हणतात. सगळे मन्रो चढून पुरे करणं हे तिथल्या कित्येक गिर्यारोहकांचं आयुष्यभराचं व्रत असतं. वेल्स आणि इंग्लंडमध्ये अशीच रेघ २००० फुटांवर ओढलेली आहे. साहजिकच एखादा डोंगर या रेघेच्या किंचित वर आहे की किंचित खाली, याला तिथे मोठं मोल आहे. पण नकाशावरच्या पुष्कळशा उंच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढलेल्या. त्यात दोन-तीन मीटर इकडेतिकडे होणं सहज शक्य.

म्हणून जॉन बर्नार्ड, ग्रॅहॅम जॅक्सन आणि मर्दिन फिलिप्स या तिघा डोंगरवेड्यांनी स्वतःच उपकरणं पाठीवर घेऊन डोंगर मोजायला सुरुवात केली. त्यांचं पहिलं काम माथ्यावरचा सर्वांत उंच बिंदू शोधणं. रस्त्याचं काम चालू असताना तिपाईवर दुर्बीण ठेवून पाहणारा माणूस आपण पाहिलेला असतो. समोर दुसरा माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा असतो. तेच हे उपकरण, लेव्हल. दुर्बिणीची नजर अगदी आडवी, पाण्याच्या पातळीसारखी. पट्टी एकेका दगडावर ठेवायची आणि दुर्बिणीतून आकडा वाचायचा. ज्या दगडावर आकडा सर्वांत कमी येईल, तो दगड सर्वांत उंच. ऐकायला उलटं वाटतं, पण जमीन जितकी वर, तितका पट्टीचा खालचा भाग नजरेसमोर येतो.

यात नियम असतात. वाऱ्यावर डोलणारं गवत धरायचं नाही. माणसांनी रचलेला दगडांचा ढीग धरायचा नाही. १९९५ साली ह्यू ग्रँटचा एक गमतीदार चित्रपट आला होता. त्यात वेल्समधले गावकरी आपला डोंगर यादीत बसावा म्हणून वर माती वाहून नेतात. आजच्या मोजणीत ती माती बाद होईल. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर देऊळ आहे. तिथेही या नियमाने मोजायचा तो खडक, देवळाचा कळस नव्हे.

बिंदू सापडला, की दुसरं काम त्याची उंची काढण्याचं. त्या जागी उपग्रहांचे संदेश पकडणारा यंत्राचा संच लावून ही मंडळी थंडीवाऱ्यात तासन् तास बसून राहतात. पण उपग्रह जी उंची सांगतो, ती समुद्रापासूनची नसते. ती गणिताने कल्पिलेल्या एका गुळगुळीत पृथ्वीपासूनची असते. खऱ्या पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे समुद्राची पातळीही त्या कल्पित पृथ्वीच्या कुठे वर, कुठे खाली. मुंबईजवळ हा फरक ६० मीटरहून अधिक भरतो. तो हिशेबात धरला नाही, तर चौपाटीवर उभा असलेला माणूस समुद्राच्या खाली आहे असं उत्तर येईल! ब्रिटनमध्ये उंचीचा शून्य धरला आहे तो न्यूलिन बंदरातल्या समुद्राच्या सरासरी पातळीवर, १९१५ ते १९२१ या काळात नोंदलेल्या.

या खटाटोपातून निघालं काय? वेल्समधला मनिद ग्रैग गोख २००८ साली मोजला गेला. भरला ६०९.७५ मीटर. २००० फूट म्हणजे ६०९.६ मीटर. वीतभरही नाही, १५ सेंटिमीटरने तो यादीत आला. उत्तर इंग्लंडमधल्या काफ टॉपची गंमत तर आणखी न्यारी. तिथल्या सरकारी मोजणी खात्याने समुद्रपातळीचं गणित सुधारलं आणि २०१६ साली त्या डोंगराची उंची ६०९.६०६ मीटर ठरली. रेघ ओलांडली ६ मिलिमीटरने. डोंगर जागचा हलला नव्हता, मोजण्याचा शून्य सुधारला होता.

काहींच्या नशिबी मात्र उतरण आली. स्कॉटलंडमधला बेन अ ख्लाइव्ह, म्हणजे तलवारीचा डोंगर, ९१३.९६ मीटर भरला. मन्रो व्हायला ९१४.४ लागतात. ४४ सेंटिमीटर कमी पडले आणि २०१२ साली तिथल्या गिर्यारोहक मंडळाने त्याला यादीतून काढलं. आता मन्रो २८२ उरले आहेत.

मोजणीची ही चिकाटी आपल्या मातीला अनोळखी नाही. १८०२ साली मद्रासजवळ भारताची मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन वीस वर्षं त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिले आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. तिथेच त्यांची कबर आहे. तेच काम पुढे हिमालयापर्यंत गेलं आणि १८५६ साली एव्हरेस्टची उंची जाहीर झाली. ज्याने पाया घातला, त्याच्या वाट्याला ते शिखर आलं नाही.

मी गझल लिहिणारा माणूस. मिसऱ्यात एक मात्रा कमी पडली, तर तो कितीही लाडका असो, ठेवता येत नाही. म्हणून मला त्या तिघांचं कौतुक वाटतं. त्यांचंही डोंगरांवर प्रेम आहे, याद्यांवर आहे. तरी त्यांनी वर येणारा आकडा जसा मांडला, तसाच खाली जाणाराही मांडला. तलवारीचा डोंगर त्यामुळे बोटभरही खचलेला नाही. ज्याने तो आधी चढला, त्याचे श्रमही कमी झालेले नाहीत. फक्त त्याच्याविषयी आपण जे बोलत होतो, ते आता खरं झालं आहे.