सुताराचें सूत आणि मीटरची पट्टी



हर्ण्याच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे समोर पाण्यांत सुवर्णदुर्गाचा तट दिसतो आणि अलीकडे नांगरलेल्या होड्यांची रांग. गेल्या सुटींत मी माझ्या भाच्याला घेऊन तेथें गेलों होतों. एखाद्या होडीची लाकडी प्रतिकृति करावी, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. आम्हीं एका तांडेलाला माहिती विचारली. होडीची लांबी त्यानें चाळीस फूट सांगितली, जाळें वांवांत सांगितलें आणि डिझेल लिटरांत. दोन्ही हात पसरले असतां बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जें अंतर होतें, तो वांव. अशा तीन पद्धति एका होडींत सुखानें नांदत होत्या आणि तांडेलाची त्यांत कोठेंही गल्लत होत नव्हती.

गल्लत झाली ती आमची. घरीं आल्यावर आम्हीं काम वांटून घेतलें. होडीच्या दोन्ही बाजू मीं कापल्या, वरची फळी त्यानें कापली. जुळवावयास बसलों, तों फळी एक सेंटिमीटरनें आंखूड! दोघांचेंही मोजमाप अचूक होतें, करवतही सरळ चालली होती. मग चुकलें काय?

चुकलें तें प्रमाण. मीं जुन्या संवयीनें एका फुटास पाव इंच धरला होता. एका फुटांत पाव इंच ४८ वेळां मावतो, म्हणून हें प्रमाण १:४८ झालें. चाळीस फुटांची होडी त्यांत १० इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर भरते. मीटरवर वाढलेल्या मुलानें सोयीचें म्हणून १:५० घेतलें. त्यांत तीच होडी सुमारें २४४ मिलिमीटर होते. ४८ आणि ५० हे आंकडे शेजारचे वाटतात, पण त्यांच्यामध्यें शेंकडा चारांचें अंतर आहे. या छंदांत तर दोन्ही पद्धतींचा संकरही रूढ आहे. खेळांतल्या आगगाड्यांचें एक प्रसिद्ध प्रमाण खऱ्या गाडीच्या एका फुटास साडेतीन मिलिमीटर असें सांगतात!

ही केवळ खेळण्याची गोष्ट असती, तर मीं आपला वेळ घेतला नसता. परंतु हाच घोटाळा आपल्या घरांच्या बांधकामांत शिरतो, आणि तेथें तो एका फळीवर भागत नाहीं.

आपल्याकडे मापें पूर्वींपासूनच अनेक. मुंबई इलाख्यांत चोवीस तसूंचा गज २७ इंचांचा, मद्रासेंत ३३ इंचांचा, तर बंगाल्यांत ३६ इंचांचा. नांव एक, लांबी वेगळी. या अनागोंदीवर उपाय म्हणून १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धतीचा अंमल सुरू झाला. सरकारी कागदावरून फूट गेला. गवंड्याच्या जिभेवरून मात्र तो अजून गेलेला नाहीं.

त्याचें कारण केवळ अडाणीपणा नव्हे. बारा इंचांचे दोन, तीन, चार, सहा असे पूर्ण भाग होतात. इंचाचा अर्धा, अर्ध्याचा पाव, पावाचा अर्धा म्हणजे एक सूत, ही विभागणी सुताराच्या हाताला सहज येते. उलट हिशेब करावयाचा असला, म्हणजे दशांशाची मेट्रिक पद्धति फार सरस. खोलीचें क्षेत्रफळ, भिंतीचें घनफळ, टांकींतील पाणी, सर्व एका सूत्रांत येतें. सोय दोन्हींकडे आहे. धोका आहे तो दोन्हींच्या सांध्यावर.

दुकानांत जाऊन प्लायवुड मागा. लांबीरुंदी 'आठ बाय चार' फुटांत सांगतील आणि जाडी 'अठरा एम्‌एम्' म्हणून मिलिमीटरांत. येथें नुकसान कांहीं नाहीं. पण लोखंडाच्या सळईचें पाहा. चार सुती सळई म्हणजे खरोखर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. आज त्या नांवानें मिळते ती १२ मिलिमीटरची. व्यासांतील फरक एक मिलिमीटरहूनही कमी. परंतु भार पेलतें तें सळईचें क्षेत्रफळ, आणि तें व्यासाच्या वर्गाप्रमाणें घटतें. म्हणून लोखंड जवळजवळ शेंकडा अकरानें कमी पडतें. नवा नकाशा मिलिमीटरांतच काढलेला असतो, तेथें चिंता नाहीं. पण इंचांतील जुन्या नकाशावरून छताची दुरुस्ती करतांना 'चार सुती ती चार सुती' असें म्हणून चालत नाहीं. तेथें अभियंत्याला विचारलेंच पाहिजे.

जमिनीचेंही तसेंच. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावरील आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारें १०७६ चौरस फूट. बोलतांना आपण दोन्ही एकच समजतों. दहा गुंठ्यांच्या व्यवहारांत एवढ्यानेंच सव्वाशें चौरस फुटांचा, म्हणजे एका खोलीएवढ्या जागेचा फरक पडतो. भाऊबंदकीला याहून लहान कारणही पुरतें!

होडीवरून निघालों, तेव्हां एका जहाजाची गोष्ट सांगतों. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १६२८ सालीं पहिल्याच सफरींत स्टॉकहोमच्या बंदरांत बुडाली. १९६१ सालीं ती वर काढली. तिच्यावर सांपडलेल्या मोजपट्ट्यांपैकीं कांहीं बारा इंची स्वीडिश फुटाच्या होत्या, तर कांहीं अकरा इंची ॲमस्टरडॅम फुटाच्या. तिच्या बुडण्याचें मुख्य कारण वरचा भार फार झाला हें होतें. तथापि तिच्या दोन बाजूही सारख्या नाहींत, असें आढळलें आहे. एकाच नौकेवर दोन फूट वावरत असतील, तर त्यांत नवल तें काय?

मग आपण करावें काय? एका कामाला एकच पट्टी ठेवावी. आंकड्यापुढें मापाचें नांव लिहिल्याशिवाय कागद हातावेगळा करूं नये. रूपांतर करणें असेल, तर तें आरंभीं एकदांच करावें आणि मग दुसऱ्या पद्धतीकडे वळून पाहूं नये. इंचाविषयीं ममत्व असणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानें इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असें ठरलें. आज इंचाचीही व्याख्या मीटरवरूनच केली जाते. भांडण असें उरलेलेंच नाहीं.

आम्हीं वरची फळी १:४८ नें पुन्हां कापली आणि ती बरोबर बसली. होडीच्या तळाशीं भाच्यानें आपण होऊन प्रमाण लिहून ठेवलें आहे. पुढें कोणी तिला डोलकाठी बसवील, त्याला विचारावें लागूं नये म्हणून!