ट्रकची गाळणी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला भरलेला ट्रक खंबाटकी घाटाला लागतो आणि मध्येच मरगळतो. सपाटीवर त्याची काही तक्रार नव्हती. चढावर मात्र अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी वेग धरत नाही, एकेक गिअर खाली यावं लागतं. ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी ओढत नाही.’ दुखणं पुष्कळदा चेसिसच्या कडेला लटकलेल्या, धुळीने माखलेल्या एका डब्यात असतं. तो डब्बा म्हणजे डिझेल फिल्टर. सपाटीला लागणारं डिझेल चोंदलेल्या कागदातूनही झिरपतं. घाटात इंजिन जास्त मागतं आणि कागद तेवढं सोडत नाही.

या डब्यात असतो घड्या घातलेला कागद. उलगडला तर चांगला लांबलचक निघेल, पण मुठीएवढ्या जागेत बसवलेला. तो कुणाची राखण करतो हे कळलं की त्याची किंमत कळते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. म्हणून सगळा खेळ त्या फवाऱ्याचा. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चाललं, तेव्हा इंधन हवेच्या झोताने आत फेकलं जाई आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. ते ओझं ट्रकला पेलणारं नव्हतं. १९२७ पासून बॉश कंपनीचा, हवेशिवाय दाबानेच इंधन फवारणारा पंप कारखान्यातून सरसकट बाहेर पडू लागला, तेव्हा डिझेल इंजिनाला रस्ता मोकळा झाला. भारतात १९५१ साली बंगळूरला असे पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली, आणि जुन्या मिस्त्र्यांसाठी पंप म्हणजे मायकोच.

या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही तिथे कानशीसारखा काम करतो.

‘फिल्टर बदला, अ‍ॅव्हरेज वाढेल,’ असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. चोंदलेला फिल्टर मुख्यतः ताकद खातो. डिझेल जास्त जातं ते गाडी खालच्या गिअरमध्ये रखडते म्हणून. मोठं नुकसान करतो तो फाटका, हलक्या प्रतीचा किंवा नीट न बसलेला फिल्टर, कारण त्यातून कचरा पुढे जातो. फवारा मारणाऱ्या नोझलची भोकं झिजतात, टोक गळू लागतं. धुक्यासारखा पडणारा फवारा थेंबाथेंबाने पडतो. मोठा थेंब पुरता जळत नाही, काळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातो. महिन्याला दहा हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ४ ऐवजी ३.८ देऊ लागली, तर सुमारे १३० लिटर डिझेल जास्त लागतं. नुसत्या ०.२ चा हा हिशेब आहे. आणि तोवर झिजलेली नोझल नव्या फिल्टरने भरून येत नाही, हे मालकाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

धुळीपेक्षा मला जास्त भीती पाण्याची वाटते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते आणि ओघळून तळाशी बसते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. कित्येक पंपांना वेगळं वंगण नसतं. त्यांत डिझेल हेच वंगण. पाणी शिरलं की ते वंगण तुटतं, पोलाद गंजतं. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या गाड्यांत हजार-दोन हजार बारचा दाब असतो, तिथे पाणी शिरणं फार महाग पडतं. शिवाय पाणी आणि डिझेल भेटतात त्या थरात जंतू वाढतात आणि त्यांचा काळपट बुळबुळीत गाळ कागद बुजवतो. म्हणून टाकीनंतरच्या पहिल्या फिल्टरखाली पाणी साठायला बाउल असतो, ते सोडायला कॉक असतो. नव्या गाड्यांत पाणी साचलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. मी दिव्याची वाट पाहू नये या मताचा आहे. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी कॉक सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं उतरवावं. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. शुद्ध डिझेल येईतो सोडावं. दोन मिनिटांचं काम. आणि टाकी मुक्कामाला पोचताच भरून ठेवली, तर पाणी धरायला हवाच उरत नाही.

फिल्टर बदलतानाची एक चूक रस्त्याकडेच्या गॅरेजात हमखास दिसते. गाडी लवकर सुरू व्हावी म्हणून नव्या फिल्टरच्या मधल्या मोठ्या भोकात कॅनमधलं डिझेल ओततात. ते भोक गाळलेल्या बाजूचं! कॅनमधला कचरा कागदाला वळसा घालून थेट पंपात जातो. फिल्टर कोरडाच बसवावा, रबरी रिंगला डिझेलचं बोट लावावं आणि हातपंपाने एअर काढावी. एअर काढायच्या स्क्रूपाशी आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग झाली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा.