धुण्याच्या पाण्यातील अदृश्य धागे

प्लॅस्टिक म्हटले की पिशवी किंवा बाटली डोळ्यांसमोर येते; अंगावरचा कपडा येत नाही. वस्तुतः पॉलिएस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिक ही प्लॅस्टिकचीच रूपे होत. टेरिकॉटचा गणवेश, खेळाची जर्सी, वसतिगृहातील मऊ ब्लँकेट, कृत्रिम लोकरीचा स्वेटर या सर्वांत ते कमी-अधिक प्रमाणात असते. असे कापड धुताना घर्षणाने त्याचे केसाहूनही बारीक तंतू तुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. पाच मिलिमीटरहून लहान अशा प्लॅस्टिकच्या कणांना व तंतूंना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. २००४ साली प्लिमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधापासून ही संज्ञा रूढ झाली.

याच विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासानुसार सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. पॉलिएस्टर व सुताच्या मिश्र कापडातून ही संख्या सुमारे एक लाख अडतीस हजार होती. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात यांतील बहुतेक तंतू अडतात. परंतु ते गाळात साठतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की मातीत मिसळतात. जेथे सांडपाणी प्रक्रियेविना नाल्यात सोडले जाते, तेथे ते थेट नदीत व पुढे समुद्रात पोहोचतात. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांना २०१८ मध्ये भारतीय समुद्री मिठात प्लॅस्टिकचे कण आढळले. त्यांत तंतूही होते.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून या कापडाची दुसरी बाजूही आम्हांस सांगितली पाहिजे. १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉन आणि १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा धागा जन्मास आला. पुढे हे कापड आपल्या बाजारात स्थिरावले. ज्या घरात माणशी कपड्यांचा एकच जोड असे, तेथे रात्री धुतलेला सदरा सकाळी कोरडा मिळू लागला. तो लवकर विरत नसे आणि इस्त्रीवाचून नीटनेटका दिसे. कष्टकरी माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. म्हणूनच ‘हे कपडे टाकून द्या आणि महाग सुती वस्त्रे घ्या’ हा उपदेश आम्हांस मान्य नाही. शिवाय नवे कापड पहिल्या काही धुण्यांत अधिक तंतू सोडते. जुने टाकून नवे घेणाऱ्याकडून प्रदूषण वाढते. आहे तेच जपून वापरणाऱ्याकडून ते कमी होते.

मग करावे काय? ब्लँकेट व स्वेटर मळले नसतील, तर धुण्याऐवजी उन्हात व वाऱ्यावर टाकावेत. यंत्र अर्धे रिकामे चालवू नये. थंड पाणी व कमी वेळ पुरेसा असतो. नाजूक कपड्यांसाठीची ‘डेलिकेट’ सोय येथे उपयोगी नाही. तीत पाणी जास्त लागते व तंतूही अधिक सुटतात, असे न्यूकॅसल विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवून दिले. हाताने धुताना यंत्रापेक्षा कमी तंतू सुटतात. मात्र ब्रशने खसखसून घासणे टाळावे. मोठ्या विद्यार्थ्याचा सुस्थितीतील गणवेश धाकट्याने वापरण्यात कमीपणा कसला?

तथापि सारा भार धुणाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. कॅनडातील पॅरी साउंड या गावी ९७ घरांतील धुलाईयंत्रांना गाळणी बसवली, तेव्हा गावाच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील तंतू लक्षणीय घटले. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या धुलाईयंत्रांना अशा गाळणीची तरतूद केली. आपल्याकडेही उत्पादकांवर असे बंधन यावे, ही मागणी नागरिकांनी केली पाहिजे. वसतिगृहांसाठी यंत्र घेणाऱ्या संस्थांनी व देणगीदार माजी विद्यार्थ्यांनी खरेदीपूर्वी गाळणीची चौकशी करावी. गाळणीत जमलेला लगदा मात्र नळाखाली धुऊ नये. तो वाळवून कचऱ्यात टाकावा. अन्यथा अडवलेले तंतू पुन्हा त्याच पाण्यात जातील.