अंगठी हवीय... पण आपल्या हाताची!

साखरपुड्याची तारीख ठरली? हॉल बुक झाला? अभिनंदन! आता प्रश्न अंगठीचा. शोकेसमधल्या पन्नास अंगठ्या बघून झाल्या आणि दर वेळी तोंडातून ‘छान आहे, पण...’ एवढंच निघतंय? मग तुम्हाला अंगठी विकत घ्यायची नाहीये, घडवून घ्यायचीय. तीही नेहमीच्या हिऱ्याची नाही, मस्त रंगीत रत्नाची!

माझ्या एका मैत्रिणीचं अगदी हेच झालं. हिंजवडीत आयटीमध्ये नोकरी, संध्याकाळी जिम, वीकएंडला ट्रेक. तिला हवा होता पाचू. मोबाइलमध्ये वीस फोटो घेऊन ती होणाऱ्या नवऱ्याबरोबर लक्ष्मी रोडवर घरच्या नेहमीच्या सराफांकडे गेली. काकांनी फोनकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, ‘‘दिवसभर या हातांनी काय काय करतेस?’’

हात आधी, रत्न नंतर

सगळा फंडा या एका प्रश्नात आहे. ही अंगठी लग्नकार्यापुरती नाही, रोज घालायची. ओरखडे सोसण्याची ताकद ज्या मोह्स स्केलवर मोजतात, तिथे हिऱ्याला 10 मार्क, माणिक आणि नीलमला 9, पाचूला साडेसात ते आठ. मोती तर जेमतेम अडीच! शिवाय पाचूच्या पोटात नैसर्गिक भेगा असतात आणि त्या लपवायला बहुतेक पाचूंना तेल दिलेलं असतं. डंबेलवर जोरात आपटला, की टवका उडालाच म्हणून समजा. पाचू घालूच नये असं नाही. पण मग चहूबाजूंनी सोन्याची कड असलेलं बंद कोंदण हवं आणि जिममध्ये अंगठी काढून ठेवायची सवय हवी.

‘‘काढली तर मी नक्की हरवणार!’’ मैत्रीण प्रामाणिकपणे म्हणाली. पाचू बाद. नीलम पक्का.

आजीचा व्हेटो

नीलमचं नाव काढताच घरात शांतता. ‘‘शनीचं रत्न ते. सगळ्यांना मानवत नाही,’’ आजीने निकाल दिला. मैत्रिणीने हुकमी पत्ता टाकला. 1981 मधली प्रिन्सेस डायनाची एंगेजमेंट रिंग 12 कॅरटच्या नीलमचीच होती! आजी म्हणाली, ‘‘आणि त्या संसाराचं पुढे काय झालं?’’ आता बोला! तीच अंगठी 2010 मध्ये विल्यमने केटला दिली, हेही आजीला पटेना.

अंगठी माझी आहे, मी ठरवणार, असं म्हणणं सोपं होतं. पण साखरपुड्यात औक्षण आजीच करणार होती. शेवटी आजीनेच जुना तोडगा काढला. खडा तीन रात्री उशाशी ठेवायचा, वाईट स्वप्न पडलं तर परत. काकांनीही घरोबा ओळखून, चिठ्ठी लिहून खडा दिला. तिन्ही रात्री गाढ झोप लागली. चौथ्या दिवशी कोटेशन बघून मात्र उडाली!

सगळं कागदावर

रत्न : स्वतंत्र लॅबचं सर्टिफिकेट मागाच. खडा नैसर्गिक की लॅबमध्ये बनवलेला, त्यावर काय प्रक्रिया झालीय, हे त्यात हवं. नीलम तापवून रंग खुलवणं सर्रास चालतं. पण काच भरलेलं माणिक अगदी वेगळी गोष्ट, कारागिराच्या ज्योतीनेही ते बिघडू शकतं. लॅबमधला नीलम खोटा नसतो, पण तो नैसर्गिकच्या भावात घेऊ नका.

वजन : एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. नीलम जड असतो, त्यामुळे एक कॅरटचा नीलम तेवढ्याच वजनाच्या हिऱ्यापेक्षा लहान दिसतो. म्हणून मिलिमीटरही विचारा.

सोनं : रोजच्या अंगठीला 22 कॅरट मऊ पडतं. 18 कॅरट घ्या, म्हणजे 750 चा शिक्का. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासा.

माप : थंडीत सकाळी बोट बारीक असतं, म्हणून माप संध्याकाळी द्या. गोलाकार पूर्ण खडे लावलेल्या अंगठीचं माप नंतर बदलणं महाकठीण.

डिझाइन : कॉम्प्युटरवरच्या चित्रावर खूश होऊ नका. मेणाचा नमुना बोटात घालून बघा. बदल सांगायचे तर तेव्हाच, ओतकाम झाल्यावर सांगाल तर वेळ आणि पैसा दोन्ही जाणार.

आणि हो, साखरपुड्याआधी किमान दोन महिने हातात ठेवा. आजीला पटवायचं असेल, तर अडीच!

अंगठी घरी आली तेव्हा आजीने चष्मा पुसला, डबी उघडली आणि नीलम खिडकीतल्या उन्हात धरला. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘‘शनी दिसायला देखणा आहे हो!’’